मावशीच्या गोष्टीला अंधार लागतो

आमच्या केजच्या मावशीकडून दिवसा गोष्ट वदवून घेणं आजवर कुणाला जमलेलं नाही. दिवसा गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो, ही तिची पक्की समजूत. बाकी बोलण्याला बंदी नाही हं. शेजारणीच्या सुनेपासून तुरीच्या भावापर्यंत तिचं तोंड सकाळपासून चालूच असतं. पण गोष्ट म्हटली की दिवेलागणीनंतरच. एकदा तेलगावहून येताना जीपमध्ये एका गड्यानं भर दुपारी सिनेमाची स्टोरी सांगायला घेतली. मावशीनं त्याला विचारलं, "कावून लोकांच्या मामांच्या जिवावर उठलास?" तो बिचारा केज येईपर्यंत गप्प, आणि ड्रायव्हरनंही उगाच टेप बंद केला.

ह्या सगळ्याची मला मजा वाटायची, ती स्कॉटलंडला शिकायला जाईपर्यंत. तिथं साहित्याच्या अभ्यासात प्रत्येकानं आपापला विषय निवडून एक संशोधन निबंध लिहायचा होता. मी ऐटीत सांगून बसले, मावशीच्या गोष्टींवर लिहिते! कुठंच न छापलेल्या गोष्टी म्हणून प्राध्यापक बाईही खूश झाल्या. निबंध वेळेत गेला नाही तर मुदत वाढवून मिळणार होती, पण मग पदवी एक वर्ष पुढं.

केजला रात्र झाली की मी व्हिडिओ कॉल लावायचे. मावशीचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी अंधार दाव." नुसता तिच्याकडचा अंधार चालत नव्हता, ऐकणारीकडंही हवा. आणि तिथला उन्हाळा म्हणजे काय सांगू, जेवणं उरकली तरी ऊन आपलं खिडकीत बसलेलं! इकडं अंधार पडेपर्यंत केजला कोंबडं आरवायचं, आणि कोंबडं आरवलं की मावशीचा दिवस उजाडला.

एकदा मी जाड पडदे ओढून फोन लावला. "पडदा सरकव," मावशी म्हणाली. सरकवला. ऊन बघून तिनं निकाल दिला, की तुझ्या बाईला सांग, ह्यो देश गोष्टीच्या कामाचा न्हाई. मग मी कपाटात शिरून बसले, तर हे काय लपाछपी खेळायचं वय आहे का, म्हणून वर बोलणी खाल्ली.

मुदत संपत आली. एका सकाळी मावशीचाच फोन, तिच्याकडं भर दुपार. तिच्यामागं अंगणात लख्ख ऊन होतं. म्हणाली, "लिवायला घे. सांगते."

मी चक्रावलेच. म्हटलं, "मावशी, आणि मामा?"

मला मामा एकच, मावशीचा धाकटा भाऊ. तिनंच वाढवलेला. मी शाळेत असताना तो घरात भांडून निघून गेला, तो परत आला नाही, की त्याचा काही निरोप नाही.

मावशी पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "वाट चुकायला माणूस आधी वाटंला लागावा लागतो. त्यो आता येत न्हाई. त्याच्यापायी तुझं वर्स कशाला घालवू?"

आम्ही सगळे हसत होतो तिला, आणि ही बाई इतकी वर्षं भावासाठी तोंड आवरून बसली होती.

मी म्हटलं, "राहू दे. मी मुदत वाढवून घेते, पदवी पुढच्या वर्षी. थंडीत इथं चहाच्या वेळेलाच काळोख पडतो, तेव्हा सांग."

ती अंगणाच्या फाटकाकडं बघत बसली. नजर न हलवता म्हणाली, "लई बरं झालं, बाई. मला बी सांगू वाटत नव्हतं."