धाकट्या जावयाची दाढ

माझी डावीकडची खालची दाढ दुखायला लागली तेव्हा मी एक छोटासा निर्णय घेतला : आधी सासूबाईंची दाढ होऊन जाऊ दे, मग माझी बघू.

निर्णय वरकरणी सज्जन होता. सासूबाईंचीही दाढ त्याच सुमारास ठणकत होती आणि मोठ्यांना आधी मान द्यावा असे माझ्यावर संस्कार आहेत (दातांच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की ते विशेष जागे होतात).

सासूबाई आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या हॉलमधल्या काचेच्या कपाटात थोरल्या जावयाने पोहण्याच्या शर्यतीत मिळवलेला कप आहे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो बाहेर काढून दाखवला जातो. "हा आमच्या थोरल्या जावयांचा." मग पाहुणा माझ्याकडे बघतो. "आणि हे धाकटे," एवढं म्हणून सासूबाई चहा आणायला आत जातात. पाण्याशी माझाही संबंध आहे, पण तो पाण्याची बिलं भरून घेण्याच्या खिडकीपुरता. तिथे कप देत नाहीत. त्या कपाटात आपलंही काहीतरी असावं, ही माझी लग्नापासूनची इच्छा.

तर ज्यांना सगळी शाळा घाबरायची त्या सासूबाई दातांच्या डॉक्टरला घाबरत होत्या. बायकोने दाताच्या कण्या केल्या, पण त्या हलेनात. तेव्हा मी मोबाइलवर चार गोष्टी वाचल्या आणि पुढे सरसावलो.

"आई, कीड दाताच्या नसेपर्यंत पोचली की थांबण्यात अर्थ नाही. आज रूट कॅनालने दात वाचेल, उद्या त्यानेही वाचणार नाही. आणि सगळ्यात धोक्याचं काय, माहितीये? दुखणं आपोआप थांबणं! माणसाला वाटतं, बरं झालं. खरं तर नस मेलेली असते आणि खाली पू साचत असतो."

सासूबाईंनी माझ्याकडे लग्नानंतर प्रथमच नीट पाहिलं.

"तुम्हाला बरंच कळतं हो!"

या एका वाक्याने माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी त्यांना दवाखान्यात नेलं. प्रत्येक सिटिंगला त्यांची पर्स मांडीवर घेऊन बाहेर बसलो. सुजेला गरम शेक द्यायचा नाही, हेसुद्धा त्यांना मीच बजावलं. सासूबाई डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "आमचे धाकटे जावई. यांच्यामुळे आले." आता अशा माणसाने मध्येच उठून "बाई, मलाही दुखतंय" म्हणायचं? मी लवंगेचं तेल लावत राहिलो आणि उजव्या बाजूने जेवत राहिलो.

"तोंड असं वाकडं का करतोस?" बायकोने विचारलं.

"विचार करतोय."

"सवय नसली की होतं असं."

आणि एके दिवशी सकाळी उठतो तर दुखणं गायब! ज्या माणसाने सासूबाईंना मेलेली नस आणि साचलेला पू समजावून सांगितला होता, त्याच माणसाने आरशासमोर उभं राहून स्वतःचं अभिनंदन केलं. माझी केस वेगळी होती. (प्रत्येकाची केस वेगळी असते. बिल थकवलेले लोक खिडकीशी येऊन मला रोज हेच सांगतात.)

सासूबाईंच्या दाढेला कॅप बसली तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. थोरले जावईही होते. त्यांच्यादेखत सासूबाईंनी माझं कौतुक केलं आणि खाऱ्या शेंगदाण्यांची बशी पुढे केली. आनंदाच्या भरात मी दोन दाणे डावीकडे टाकले आणि कचकन चावले.

डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"डोळ्यात कचरा गेला."

"मग गाल का धरलाय?" थोरले म्हणाले. (पोहणाऱ्या लोकांना नको तिथे बुडी मारायची सवय असते.)

जेवण होईपर्यंत गाल टम्म फुगला. वाऱ्याने मान अवघडली असेल, असं मी सांगून टाकलं. सासूबाईंनी प्रेमाने गरम पाण्याची पिशवी आणून दिली आणि समोर बसून म्हणाल्या, "शेका चांगलं." नाही म्हणावं तर पितळ उघडं पडणार. मी शेकलं. अब्रूसाठी माणसं काय काय करतात, मी तर नुसतं शेकत होतो.

सकाळी डावा डोळा अर्धा मिटला होता, अंगात ताप होता आणि जबडा उघडत नव्हता.

"आईला बोलावते," बायको म्हणाली. मी "नको, नको" म्हणालो, पण बाहेर पडलं ते नुसतं "ओ, ओ". तिने त्याला होकार समजून आईला बोलावलं.

सासूबाईंनी कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं.

"दाढ?"

मी मान हलवली.

"माझी दुखत होती तेव्हापासून?"

मी पुन्हा मान हलवली.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," बायको म्हणाली. "बोलायचं कुणाला?"

दवाखान्यात डॉक्टरबाई थक्क झाल्या. "अहो, आईंना तर तुम्हीच सगळं समजावत होतात!"

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," सासूबाई म्हणाल्या.

"स्वतः कोरडे पाषाण," डॉक्टरबाईंनी पुरं केलं. मग मात्र त्या गंभीर झाल्या. सूज आणखी खाली गळ्याकडे सरकली असती तर श्वास घ्यायला त्रास झाला असता आणि थेट हॉस्पिटल गाठावं लागलं असतं. आईंबरोबर आला असतात तर रूट कॅनालने दाढ वाचली असती. आता मुळाखालचं हाड खाल्लं गेलं होतं. पू काढायचा, औषधं द्यायची आणि सूज उतरली की दाढ उपटायची.

मी मनापासून घाबरलो. बायकोने माझा हात धरला. तिचाही गार पडला होता. सासूबाईंनी माझं पाकीट आपल्या मांडीवर घेतलं आणि हलकेच म्हणाल्या, "जा. मी आहे इथे बाहेर." दोन्ही वेळा त्या तशाच बसून राहिल्या. दुसऱ्या वेळी डॉक्टरबाईंनी उपटलेली दाढ एका छोट्या बाटलीत घालून दिली. मी ती टाकून देणार होतो, पण सासूबाईंनी मागून घेतली. कशाला, ते विचारायला माझं तोंड रिकामं नव्हतं. त्यात कापूस होता.

परवा त्यांच्याकडे एक नवे पाहुणे आले. नेहमीप्रमाणे कपाट उघडलं, कप बाहेर आला. "हा आमच्या थोरल्या जावयांचा." मग सासूबाईंनी कपाच्या शेजारची बाटली काढली. "आणि ही धाकट्यांची." पाहुण्यांनी कप बाजूला ठेवला आणि बाटली उजेडात धरून निरखली. सासूबाईंनी त्यांना कीड, नस, पू, शेक सगळं माझ्याच शब्दांत सांगितलं. पाहुण्यांनी स्वतःच्या गालावरून हात फिरवला आणि तिथल्या तिथे डॉक्टरबाईंचा नंबर लिहून घेतला. माझा ऊर भरून आला.

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "आणि हे कोण?"

"ही दाढ यांचीच," सासूबाई म्हणाल्या आणि चहा आणायला आत गेल्या.