कासार आंबोलीचा निर्धोक हौद

सन १९८३च्या एप्रिलमध्ये कासार आंबोलीच्या हैबतरावांनी अंगणात पत्र्याचा पोहण्याचा हौद उभा केला. जमिनीच्या वरचा, शिडीने चढून उतरायचा. पुण्याच्या व्याह्यांनी भर मांडवात "तुमच्याकडे अंघोळीपुरतं तरी पाणी असतं का?" असं विचारलं होतं. तेच व्याही आता रविवारी पोहायला यायचे होते, आणि हैबतरावांचं नाक त्या हौदावर अवलंबून होतं.

पण पाणी फिरवायचा पंप विजेचा, म्हणून परवानगी हवी. सोमवारी तपासणीचे साहेब आले आणि नियमावली उघडून म्हणाले, "हौदापासून पाच हातांतील धातूच्या यच्चयावत वस्तू एकाच तांब्याच्या तारेने जोडणे बंधनकारक."

"बरूबर हाय, मालक," वायरमन नबीलाल म्हणाला. "समदं लोखंड एका तारंत असलं, की पाण्यातल्या मानसाला झटका बसत न्हाई." नबीलालला काम येत होतं. त्यामुळे परवानगी देण्याचा अधिकार त्याला नव्हता.

त्याने पत्रा, शिडी, पंप जोडला. साहेबांनी बादली दाखवली, ती जोडली. घरधनीण गोजराबाईंचा हंडा जोडला. म्हशीची साखळी जोडली.

"पाहुण्यांच्या अंगावर काही धातू?"

"सोन्याचा दात हाय एक," हैबतराव प्रामाणिकपणे बोलून गेले.

दातासाठी आठ हात तार राखून ठेवण्यात आली.

तारेचं दुसरं टोक मीठ-कोळसा भरलेल्या खड्ड्यात, अर्थिंगला गेलं. "खड्डा कोरडा पडता कामा नये," साहेबांनी बजावलं. "रोज चाळीस हंडे."

"हौद भरूस्तवर हिरीनं तळ गाठलाय! पानी आनू कुटनं?" गोजराबाई कडाडल्या.

साहेबांनी हौदाकडे बोट दाखवलं.

शनिवारपर्यंत हौद खडखडीत कोरडा झाला. साहेबांनी शेरा मारला : 'पाणी नसल्याने बुडण्याचा व झटक्याचा धोका शून्य. हौद पोहण्यास योग्य.' नबीलाल दाखला आणायला कचेरीत गेला, तर साहेबांच्या टेबलावरच्या पंख्याला पिनच नव्हती. दोन उघड्या तारा भोकांत घालून काड्यापेटीच्या काड्यांनी घट्ट केल्या होत्या.

"सायेब, ह्याला अर्थिंग?"

"इथं पोहतंय कोण?"

रविवारी व्याही टॉवेल खांद्यावर टाकून आले. हौदात गोजराबाईंच्या कुरडया वाळत होत्या. म्हैस अर्थिंगच्या खड्ड्यात कानापर्यंत बुडून रवंथ करत होती. अख्ख्या मुळशी तालुक्यात तिच्याइतकं अर्थिंग कुणाचंच झालं नव्हतं.

"पाणी आहे म्हणायचं तुमच्याकडे," व्याही म्हणाले. "म्हशीपुरतं." आणि सोन्याचा दात दिसेपर्यंत हसले. हैबतरावांना तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं, पण खड्ड्यात जागा नव्हती.

तुम्हीही हसून घ्या. हसून झालं, की उठून आपल्या इस्त्रीची वायर भोकात कशाने बसवली आहे तेवढं बघा. ओल्या हाताने काडी काढू नका.