लोर्नाची दोन मिनिटं आणि माझा शिट्टीवाला मीटर

छोटा मीटर घ्यायचा की मोठा, एवढाच प्रश्न होता. अशा प्रश्नावर शहाण्या माणसाने पाच मिनिटांपेक्षा जास्त विचार करू नये. मी तीन आठवडे केला आणि तरीही चुकलो.

मी हार्लन टेगमायर, नेब्रास्कातल्या एका लहानशा गावचा निवृत्त पोस्टमास्तर. दर नोव्हेंबरात मी आणि माझी बायको लोर्ना आमचं चाकांवरचं घर ट्रकला जोडून अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात येतो, आणि गावाकडचं बर्फ वितळल्याखेरीज परतत नाही. आमच्या तळावर अशी चाळीसेक घरं आहेत. माणसं सगळी पासष्टीच्या पुढची, आणि प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीतलं सगळं कळतं.

लोर्नाने सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. दर गुरुवारी मुलांना चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि सोबत दालचिनीचे रोल. (ही जोडी ऐकली की आमचा मिनेसोटाचा शेजारी ओडेल नाक मुरडतो. त्याला काय कळतंय.) सव्वीस वर्षांत तिचा चेहरा कुणी धड पाहिला नाही. वाढपाच्या खिडकीतून दिसायचे ते रोल वाढणारे हात. गेल्या ऑगस्टमध्ये मात्र राज्याच्या जत्रेत तिच्या रोलना पहिलं बक्षीस मिळालं, निळी फीत लागली, आणि एका खाद्यवाहिनीची माणसं तिची मुलाखत घेऊन गेली. मी त्या वेळी पलीकडे ट्रॅक्टर बघत होतो.

"काय काय विचारलं गं?" मी नंतर विचारलं.

"रोलबद्दल विचारलं," ती म्हणाली. "दिसेलच की टीव्हीवर."

मुलाखत दोन मिनिटांची, आणि दाखवणार जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी दोन वाजता. तळावरचं इंटरनेट कपडे धुवायच्या खोलीपलीकडे येत नाही, त्यामुळे सगळी भिस्त आमच्या डिशवर. ही डिश तिपाईवर उभी करायची, आकाशातल्या उपग्रहाकडे तोंड करून नेमकी रोखायची. बोटभर इकडेतिकडे झाली की संपलं. गेल्या हिवाळ्यात ती जुळवायला मला चार दिवस लागले होते, म्हणून यंदा ती अजून खोक्यातच होती.

"हार्लन," लोर्ना म्हणाली, "मी कधी काही मागत नाही. ही दोन मिनिटं मला बघायचीत. आपल्या दारात, आपल्या टीव्हीवर."

तिने खरंच कधी काही मागितलेलं नाही. मी तडक शहरातल्या दुकानात गेलो, आणि पुढचे तीन आठवडे जातच राहिलो.

शेवटच्या खेपेला दुकानदाराने डिश जुळवायचे तेच दोन मीटर पुन्हा काचेवर ठेवले. एक तळहाताएवढा, दुसरा पडद्याबिडद्याचा, किंमत दसपट.

"छोटा काय करतो?"

"सिग्नल सापडला की शिट्टी मारतो आणि काटा हलवतो."

"आणि मोठा?"

"कोणता उपग्रह सापडला तेही सांगतो. वर त्यांची रांग आहे साहेब. छोटा नुसतं म्हणतो, कुणीतरी दार उघडलं. मोठा म्हणतो, घर कुणाचं आहे."

"हे बघा," मी म्हणालो, "एकतीस वर्षं मी लोकांची पत्रं बिनचूक घरी पोचवली आहेत. घर कुणाचं हे मला यंत्राने सांगायची वेळ अजून आलेली नाही."

दुकानदाराने मुकाट्याने छोटा मीटर पिशवीत घातला. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसलं त्याला मी आदर समजलो.

शनिवारी बारापासूनच माणसं जमायला लागली. लोर्नाने सगळ्या तळाला आमंत्रण दिलं होतं, आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकजण आपली घडीची खुर्ची आणि एकेक पदार्थ घेऊन आला. बटाट्याचं सॅलड आलं, शेंगांचा कॅसरोल आला (तीनदा), थरथरणारी हिरवी जेली आली. मधोमध लोर्नाचे रोल. टीव्ही मी बाहेर कापडी छपराखाली मांडला होता. लोर्ना निळा ब्लाउज घालून, केस सेट करून बसली होती. इतकी छान दिसत होती की तिला तसं सांगावं असं मनात आलं. पण माझ्या हातात पाना होता.

काम सोपं होतं. टीव्हीच्या डब्यात पिनकोड टाकायचा, मग तो तीन आकडे देतो: दिशा किती, डिश वर किती उचलायची, तिरकी किती करायची. पिनकोड टाकणं हे माझ्यासारख्या माणसाला काम तरी म्हणायचं का? मी डोळे मिटून टाकला. आकडे आले, तशी डिश लावली, मीटर जोडला.

मीटर गप्प.

"जरा डावीकडे घे," ओडेल खुर्चीतूनच म्हणाला. त्याच्या गाडीच्या टपावर आपोआप जुळणारी डिश आहे. "माझं तर बटण दाबलं की झालं."

"बटण कुणीही दाबेल," मी म्हणालो आणि डिश वर सरकवली. तोच मीटरने अशी शिट्टी फुंकली की तळावरची सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली. काटा पार टोकाला गेला. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टीव्हीवर पाटी आली: सिग्नल नाही.

"लोर्ना, आता?"

"नाही."

"आता?"

"पाटी आहे."

"आता बघ."

"पाटीच आहे, हार्लन."

"मीटर तर म्हणतोय भरपूर सिग्नल आहे."

"मग मीटरवर बघूया का मी कशी दिसते?"

यानंतर सल्ल्यांचा पाऊस पडला. वायर बदल. तिपाईत वाळू भर. टीव्ही बंद करून चालू कर. एका गृहस्थांनी नुसतंच "हे दिवसच वाईट" असं म्हणून तिसरा कॅसरोल संपवला. मी प्रत्येकाचं ऐकत गेलो. दर वेळी मीटर शिट्टी मारायचा, दर वेळी कुत्री भुंकायची, आणि पाटी काही हलायची नाही. वर उपग्रहांची रांग आहे म्हणतात ते खरं असावं, कारण मला आपला सोडून सगळ्यांचे सापडले.

दोनला दहा कमी असताना लोर्ना उठली. तिने मांडीवरचा रुमाल घडी करून टेबलावर ठेवला.

"ओडेल, तुझ्याकडे आत किती माणसं मावतील?"

"चार. दाटीवाटीने पाच."

"मग मी येते," ती म्हणाली. बाकीच्यांकडे तिने पाहिलंही नाही. माझ्याकडे तर नाहीच. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. तिच्या सव्वीस वर्षांची दोन मिनिटं मी वाळूत मिळवली होती, आणि ती ओडेलच्या सोफ्यावर दाटीवाटीने बसून बघणार होती. 

तेवढ्यात युनिसबाई बोलल्या. त्या त्र्याऐंशीच्या आहेत, कॅन्ससहून एकट्या गाडी हाकत येतात आणि सगळ्या गोंधळात विणकाम सोडत नाहीत.

"हार्लन, बाळा, त्या डब्याला तू कुठला पिनकोड सांगितलास?"

"कुठला म्हणजे? पिनकोड मला शिकवता, युनिसबाई? एकतीस वर्षं रोज..." आणि मी थांबलो.

एकतीस वर्षं मी रोज जो पिनकोड लिहिला, तोच डोळे मिटून टाकला होता. आमच्या गावचा. माझी डिश बरोब्बर जुळली होती, फक्त नेब्रास्कातल्या माझ्या अंगणात उभी आहे असं समजून.

"आपण अ‍ॅरिझोनात आहोत ना?" युनिसबाईंनी सुई न थांबवता विचारलं. "की मीच चुकून दुसरीकडे आले?"

पुढची आठ मिनिटं मी आयुष्यात कधी धावलो नाही तसा धावलो. इथला पिनकोड मला माहीत नव्हता. (पोस्टमास्तर.) तो ओडेलने सांगितला, आणि सांगताना त्याने प्रत्येक आकडा सुटासुटा उच्चारला. नवे आकडे आले. डिश फिरवली, उचलली. मीटर किंचाळला, कुत्री भुंकली, आणि पाटीच्या जागी साबणाची जाहिरात आली. साबण बघून एवढी माणसं टाळ्या वाजवताना मी कधी पाहिली नव्हती. लोर्ना ओडेलच्या पायरीवरून परत फिरली, आपल्या खुर्चीत बसली आणि तिने माझ्या दंडावर हात ठेवला. हातावर ग्रीस लागलं तरी काढला नाही.

आणि मग ती पडद्यावर आली. निळी फीत, मागे जत्रा, हातात रोलचं ताट. काय सुरेख बोलली. पीठ किती वेळ फुगू द्यायचं, दालचिनी कधी भुरभुरायची, सगळं न अडखळता. माझे डोळे भरून आले, हे लपवण्यात अर्थ नाही. शेवटी मुलाखत घेणाऱ्या मुलीने हसत विचारलं, "आणि तुमचे यजमान स्वयंपाकघरात मदत करतात का?"

पडद्यावरची लोर्ना क्षणभर विचारात पडली.

"हार्लन फार काटेकोर माणूस आहे," ती म्हणाली. "माप अगदी तंतोतंत घेतो. फक्त दुसऱ्याच पदार्थाचं."

 छपराखालच्या पंचवीस खुर्च्या एकदम माझ्याकडे वळल्या. युनिसबाईंचं विणकाम त्या दिवसात पहिल्यांदा थांबलं.

"हे तू ऑगस्टमध्ये बोललीस?" मी लोर्नाला विचारलं.

"ऑगस्टमध्ये," ती म्हणाली आणि मला एक रोल वाढला.

तोच कार्यक्रम संध्याकाळी पाचला पुन्हा दाखवला. सगळा तळ खुर्च्या घेऊन परत आला, दुपारी न आलेलेही आले. चित्र अगदी स्वच्छ होतं, आणि आवाज तर ओडेलच्या गाडीपर्यंत ऐकू जात होता.