घरात जनावर कुठलं?

१८ एप्रिल १९९३, रविवार, सकाळी साडेनऊ. तापाने फणफणलेल्या माझ्या पत्नीला पाहताच डॉक्टर सामंतांनी हुकूम सोडला, "काकू, आधी मोजे काढा." तिचे पाय उघडेच होते. हुकूम सवयीचा होता.

शांती नगरात त्यांना 'मोजे डॉक्टर' म्हणत. दाढ दुखत असली तरी ते प्रथम तळपाय तपासत आणि मग विचारत, "घरात जनावर कुठलं?" किराणावाले शेठ एकदा म्हणाले, "बस, संडे को दामाद आता है." डॉक्टरांनी गंभीरपणे विचारले, "उसको खुजली है?" गोचिडीच्या चाव्याने येणारा एक दुर्मीळ ताप टायफॉइड समजून निसटतो, असा त्यांचा आग्रह असे. आम्ही हसत असू.

त्या दिवशी हसू आले नाही. टायफॉइडच्या गोळ्या चालू असूनही पाच दिवस ताप हटला नव्हता. आता तिच्या तळहातांवर आणि तळपायांवर लाल ठिपके उमटले होते.

"घरात जनावर कुठलं?"

"सोसायटीत कुत्र्यांना बंदी आहे. सेक्रेटरी मीच आहे," मी म्हणालो.

"मी काकूंना विचारतोय."

पत्नीने त्यांच्याकडे रोखून पाहिले आणि नकारार्थी मान हलवली.

"गोचिडीचाच ताप आहे. औषध बदलतो."

"पुरावा?"

"रिपोर्ट यायला वेळ लागेल, काका. तोवर किडनीवर जाईल."

"पुराव्याशिवाय औषध बदलणार नाही."

डॉक्टर खाली बसले. दोनदा घसा खाकरला.

"जनावर वरच्या मजल्यावर, माझ्या घरात आहे. कुत्री. तीन वर्षं झाली. मी दवाखान्यात असतो तेव्हा काकू वर येऊन तिला विंचरतात."

"अहो, कशाला सांगितलंत?" पत्नी पुटपुटली. "आता हे तिला हाकलतील."

"वरून भुंकणे कधी ऐकू आले नाही," मी म्हणालो.

"भुंकत नाही ती. सांगून ठेवलंय, खाली सेक्रेटरी राहतात." ते हसले नाहीत. "नोटीस उद्या द्या, काका. कॅप्सूल आत्ता द्या."

मी कॅप्सूल दिली. ताप उतरायला आणखी दोन दिवस लागले.

त्याच दिवशी सायंकाळी मी वर डॉक्टरांकडे गेलो. खोलीत एक खुर्ची होती आणि दोन थाळ्या. दाराशी भरलेली पिशवी होती. तिच्यातून पट्टा डोकावत होता.

"तारोडी गावी ओळखीचे आहेत. उद्या तिथे सोडून येतो," डॉक्टर म्हणाले. "भात बिनमिठाचा लागतो तिला. त्यांना सांगायला हवं."

"आधी गोचिडी काढा," मी म्हणालो. "तारोडीचे नंतर पाहू."

मग त्यांनी चिमटा आणि रॉकेलची वाटी आणली. मी हातमोजे चढवले आणि कुत्रीचा कान धरला.