लेबलखात्याच्या डॉक्टरीणबाई

बाईमाणसाचा पदर हुंगल्याशिवाय नाडीला हात न लावणारी डॉक्टर मी जन्मात एकच पाहिली. डॉ. द्वारका पोंक्षे. पेशंट खुर्चीत बसली की आधी तिचा पदर उचलायचा, नाकाशी धरायचा, डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचा आणि मग आरोपीला विचारावं तसं विचारायचं, "घरात बिडी कोण ओढतं? नवरा की सासरा?"

नवीन बाई घाबरून उठायलाच बघायची. जुन्या बाया सवयीनं पदर आपणच पुढे करायच्या.

ठाण्याला आमचा औषधी तेलाचा कारखाना होता. स्वातंत्र्य मिळून पाचेक वर्षं झाली असतील. कारखान्यात दवाखाना हवा म्हणून गोदामाच्या कडेची एक खोली रिकामी केलेली. त्यात एक टेबल, एक बाक, पोंक्षेबाई डॉक्टर आणि मी कंपाउंडर. मी राहायला टेंभी नाक्याला, बाई डोंबिवलीला. एकट्याच. वय पन्नाशीच्या आसपास, अंगावर पांढरं नऊवारी, पायात पुरुषी वहाणा. त्या वहाणांचा आवाज आला की अर्धा कारखाना बिड्या लपवायचा.

माझीही बिडी त्यात आली. पहिल्याच आठवड्यात बाईंनी माझ्या तोंडातली पेटती बिडी उपटली आणि हाताशी जी बशी आली तिच्यात खुपसली. बशीत स्पिरिट होतं. भडका उडाला. बाईंच्या भुवईचे चार केस जळाले. मी पाण्याचा तांब्या ओतला, तर म्हणाल्या, "बघितलंत कंपाउंडर? बिडीनं काय होतं ते?"

"बाई, ते स्पिरिटमुळे..."

"कशावरून?"

हे 'कशावरून?' म्हणजे बाईंचं शस्त्र. मुकादम म्हणाला, हवा बदलली म्हणून बायांना खोकला होतो, की "कशावरून?" मी म्हटलं, आज पाऊस येईल, तरी "कशावरून?" एकदा चहावाला म्हणाला, दूध ताजं आहे. त्या बिचाऱ्याला अर्धा तास उभं केलं होतं.

सगळ्या कारखान्यात बाईंचा राग होता तो लेबलखात्यावर. तीसेक बाया तिथे ओळीनं बसून बाटल्यांना लेबलं चिकटवायच्या. वाऱ्यानं कागद उडतात म्हणून खिडक्या बारा महिने बंद. दाराशी मुकादम, मोजणारे, हमाल, सगळे पुरुष, दिवसभर बिड्या फुंकत बसलेले. धूर जायला जागा नाही. बाया तोंडानं ओढत नव्हत्या एवढंच. नाकानं दहा-दहा तास ओढत होत्या.

बाईंनी एक दिवस खिडक्या उघडल्या. हजारभर लेबलं रस्त्यावर गेली. 'वातनाशक' असं लिहिलेलं एक लेबल समोरच्या न्हाव्याच्या गिऱ्हाइकाच्या साबण लावलेल्या गालावर जाऊन बसलं. मॅनेजर वागळे पाइप दातात धरून धावत आले आणि खिडक्यांना खिळे ठोकून गेले.

मग बाईंनी दुसरा मार्ग काढला. मांजरपाटाच्या पांढऱ्या कापडाचे हातरुमालाएवढे तुकडे कापले, प्रत्येकावर पेन्सिलीनं खात्याचं नाव लिहिलं आणि कारखानाभर टांगले. ऑफिसात, गोदामात, आवारात, लेबलखात्यात. महिन्यानं उतरवले. आवारातला जरा मळलेला. लेबलखात्यातला चहात बुडवून काढल्यासारखा तपकिरी. बाईंनी तो वागळ्यांच्या टेबलावर पसरला.

"हे तुमच्या कामगार बायांच्या छातीत जातं."

वागळ्यांनी पाइप न काढता बघितलं आणि म्हणाले, "मग धोब्याला द्या की."

मी तिथेच उभा होतो. त्या वेळी मला हसू आलं होतं, हे आज लिहितानासुद्धा माझी मलाच चीड येते.

बाईंकडे एक जाडी वही होती. प्रत्येक बाईचं नाव, वय, किती वर्षं खात्यात, घरात ओढणारे किती, मुलं किती, अंगावर पाजलं का, कुठे काही गाठ आहे का. शेवटचा प्रश्न आला की मला बाहेर काढायच्या. दोन वर्षांत लेबलखात्यातल्या तीन बायांच्या स्तनात गाठी निघाल्या. दोघी गावी निघून गेल्या आणि तिकडेच वारल्या. तिसरी भागीरथी.

भागीरथी खाडीकडच्या गावची, आगऱ्यांची. माहेरचे, सासरचे सगळे मिठागरावर राबलेले. अंगानं दणकट, हसली की आख्खं खातं हसायचं. तिनं गाठ सहा महिने लपवली. बाईंनी हात लावला तेव्हा म्हणाली, "डाक्टरीनबाय, दुकत नाय ना. मंग कशाला?"

"दुखत नाही म्हणूनच," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी दाराबाहेरून पहिल्यांदाच ऐकला.

नवरा, बुधाजी, ऑपरेशनला तयार होईना. बायकोची छाती परक्या पुरुषानं बघायची नाही. बाई त्याच्या अंगणात जाऊन बसल्या. सोबत मी. सकाळपासून दुपारपर्यंत बाई उन्हात, तो सावलीत. तो बिडी काढायचा, बाई नुसत्या बघायच्या, तो परत ठेवायचा. शेवटी वैतागून म्हणाला, "बाय, तू जाशील कवा?"

"ती माझ्याबरोबर निघेल तेव्हा."

भागीरथी आतून गाठोडं घेऊनच बाहेर आली. तिनं ते कधीच बांधून ठेवलं होतं.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. ती तिथे असतानाच बाईंना डॉक्टरांच्या एका सभेत बोलायला पाच मिनिटं मिळाली. मांजरपाटांचं बोचकं घेऊन मी मागे बसलेलो. सभागृहात सिगारेटींचा इतका धूर की बाईंचा चेहरा नीट दिसेना. बाईंनी वहीतल्या त्या तिघींची नावं सांगितली, तुकडे दाखवले. पहिल्या रांगेतले एक नामांकित सर्जन सिगारेट झटकत उठले.

"बाई, या बायका बिडी ओढतात का?"

"नाही."

"मग बिडीचा आणि त्यांच्या स्तनाचा संबंध काय?"

"संबंध आहे असं मी म्हटलेलं नाही. तीन बायांवरून तसं म्हणता येत नाही. पण नाही, हे तुम्ही कशावरून म्हणता? मोठ्या इस्पितळात शेकडो बाया येतात. त्यांना विचारा, त्या कुठे बसतात, त्यांच्या शेजारी कोण ओढतं. कुणी विचारतच नाही. तेवढंच करा, म्हणते मी."

सर्जन शेजाऱ्याकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "संसार नसला की बायकांना असलं काहीतरी सुचतं." सभागृह खो खो हसलं. घंटी वाजली. पुढच्या वक्त्याला बोलावलं.

बाईंनी तुकडे एकेक करून घडी घातले. कोपऱ्याला कोपरा जुळवून. तेवढा वेळ पुढचा वक्ता तोंड उघडून उभा होता. त्या सभागृहातल्या एकालाही मी अजून माफ केलेलं नाही.

तीन महिन्यांनी भागीरथी कामावर परत आली. ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजून केळीच्या खुंटासारखा झालेला. वागळे म्हणाले, "एका हातानं लेबलं कशी चिकटणार? नाव काढा हिचं."

बाईंनी दवाखान्यातून चष्मा आणला, लेबलखात्यात गेल्या आणि भागीरथीच्या जागेवर मांडी घालून बसल्या. खळीची वाटी पुढे ओढली.

वागळे धावत आले. "डॉक्टर, हा काय तमाशा?"

"हिच्या हाताला आराम हवा. तोवर हिचं काम मी करते. नाव हजेरीत राहू द्या."

"आणि दवाखाना?"

"पेशंट इथेच येतील."

बाईंच्या हातात कला नव्हती. लेबलं तिरकी, उलटी, एक तर बाटलीच्या बुडाला. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. भागीरथी शेजारी बसून एका हातानं शिकवत होती, "आवो बाय, खल कमी. नाय, नाय, डोका वर ठेव बाटलीचा!" बाई मुकाट ऐकत होत्या. दाराशी मुकादमानं सवयीनं बिडी पेटवली. पहिल्या ओळीतली एक म्हातारी कामगार उठली, हातातली बाटली खाली ठेवली आणि म्हणाली, "मुकादम, भायेर जा. तुजा धूर जाईपर्यंत आमी बसनार नाय." तिच्यामागून दुसरी उठली. मग ओळच्या ओळ उठली.

बाई खाली मान घालून लेबल चिकटवत राहिल्या. त्यांचा चष्मा मात्र पार खळीनं माखला होता. सारखा डोळ्यांकडे हात जात होता.

चार दिवस काम बंद राहिल्यावर वागळे नमले. लेबलखात्यात बिडी बंद झाली, खिडक्यांचे खिळे निघाले आणि त्यांना बारीक जाळी बसली. भागीरथीला बाटल्या मोजायच्या कामावर घेतलं. वर्षभरानं बाईंचं कंत्राट मात्र कारण न देता संपवलं. त्या जाताना कुणी निरोप समारंभ केला नाही. लेबलखात्यातल्या बाया फाटकापर्यंत चालत आल्या, एवढंच.

पुढे दीड वर्षानं आजार भागीरथीच्या हाडांत उतरला. पावसाळ्याच्या शेवटी ती गेली.

ती गेल्यानंतरच्या रविवारी मी डोंबिवलीला बाईंकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. दार उघडंच होतं. बाई चुलीपुढे बसून तांदळाची भाकरी थापत होत्या. दोन पाट, पुढे दोन ताटं मांडलेली.

मला बघून दचकल्या. मग ताटांकडे बघितलं.

"रविवारी ती यायची," म्हणाल्या. "माझा कारखाना सुटल्यापासून दर रविवारी. सुकट आणायची, माझ्या दारात बसून खायची, म्हणायची, तुला वास येईल, मी भायेरच बरी. मी तिला आत ओढायची. भाकरी तिनंच शिकवली मला. आज सवयीनं दोन माणसांचं पीठ मळलं."

मी वहाणा दाराशी काढल्या आणि आत आलो.

"कंपाउंडर, जेवलात का?"

मी घरून जेवून निघालो होतो. "नाही," म्हटलं.

त्या ताटावर मी बसलो. भाकरी एका कडेला जाड, एका कडेला करपलेली. बाईंनी स्वतःच्या ताटाला हात लावला नाही, माझंच बघत राहिल्या. मी दुसरी मागितली. त्यांनी ती वाढली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि तव्याकडे तोंड करून, मला ऐकू येईल न येईल अशा आवाजात विचारलं,

"पुढच्या रविवारी याल का हो?"