फोटोच्या जागी

शनिवारी सकाळी सव्वादहाला शेरेसाहेबांनी खुर्ची मागे सरकवली, चष्मा कपाळावर चढवला आणि स्वयंपाकघराच्या दिशेने आवाज दिला, "ये, बघ. झाली!"

"काय झाली?"

"वेबसाइट! आता जगात कुठूनही दिसेल."

बायको हात पुसत बाहेर आली. पडद्यावर वरच्या निळ्या पट्टीत व्याह्यांच्या फर्निचरच्या दुकानाचं नाव होतं. खाली एकाखाली एक फोटो होते, खुर्ची, सोफा, कपाट, जेवणाचं टेबल, आणि सगळ्यांत शेवटी दुकानाच्या दारात उभे असलेले व्याही आणि विहीणबाई. तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"छान आहे. पण एवढ्यासाठी तीन आठवडे आपलं टेबल अडवून ठेवलं होतंत?"

शेरेसाहेबांनी हे मनावर घेतलं नाही. त्यांनी एकतीस वर्षं कपबश्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. कप उजेडात धरायचा, नखाने टिचकी मारायची, कानाशी न्यायचा आणि वहीत शेरा लिहायचा. 'कान वाकडा.' 'तळाला तडा.' क्वचित कधीतरी, 'दोष आढळला नाही.' त्या शेऱ्यांवरूनच त्यांचं नाव पडलं होतं. खरं आडनाव आता फक्त पेन्शनच्या कागदांवर उरलं होतं. निवृत्तीनंतर पहिले सहा महिने त्यांनी घरातल्या चहावर, धुण्यावर आणि शेजाऱ्यांच्या बोलण्यावर शेरे मारले. सातव्या महिन्यात बायकोने स्वतः जाऊन त्यांचं नाव 'वेब डिझाइनची तोंडओळख' या बारा धड्यांच्या वर्गात घातलं.

तिथे ते रमले. शिकवणाऱ्या बाई त्यांच्या लेकीपेक्षाही लहान होत्या, पण शेरेसाहेब त्या आत आल्या की उठून उभे राहत. समास आखलेली वही फक्त त्यांच्याचकडे होती. मथळा कसा द्यायचा, परिच्छेद कुठे तोडायचा, फोटो कसा बसवायचा, सगळं तारीखवार. सातव्या धड्याला त्यांचं पान इतकं झोकात उभं राहिलं, की पुढचं शिकायची गरज त्यांना वाटेना.

"बाई, पुढचं मी घरीच बघून घेईन," त्यांनी सांगितलं.

"काका, निदान आठवा धडा चुकवू नका. पान आपल्या घरातून जगात कसं न्यायचं, ते आहे त्यात."

"त्यात काय आहे? ढकलायचं!"

आणि त्यांनी ढकललं. कुठलं बटण दाबायचं ते शेजारच्या बाकावरच्या मुलीकडून त्यांनी आधीच वहीत उतरवून घेतलं होतं.

व्याह्यांच्या दुकानाचं काम त्यांनी मागून घेतलं होतं. जावयाने बिचकत सुचवून पाहिलं होतं, "बाबा, यातल्या एखाद्या जाणकार माणसाला सांगू या का?"

"म्हणजे मी कोण?"

यावर कुठला जावई काय बोलणार? उलट फोटोंच्या दिवशी तोच बिचारा सोफे इकडून तिकडे ढकलत होता.

फोटो फार सुरेख आले होते. पण शेरेसाहेबांची खरी मेहनत होती ती फोटोंच्या पाठीमागे. सहाव्या धड्यात बाई म्हणाल्या होत्या, "प्रत्येक फोटोमागे थोडक्यात वर्णन लिहायचं. एरवी ते कुणाच्या नजरेला पडत नाही. पण ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांचा फोन त्यांना ते वाचून दाखवतो. म्हणून जे आहे तेच लिहायचं."

हे शेरेसाहेबांच्या काळजाला भिडलं. डोळस माणूस दुकानात येऊन खुर्ची हलवून बघेल. ज्याला दिसत नाही त्याने कुणाच्या भरवशावर घ्यायची? त्याला फसवायचं? एकतीस वर्षांत आपण फुटका कप कुणाच्या पदरात पडू दिला नाही, तो आता पडू द्यायचा? त्यांनी आपल्या वळणदार भाषेत, जे आहे ते, एकेका फोटोमागे लिहून काढलं होतं.

साडेदहाला त्यांनी वेबसाइटचा पत्ता व्याह्यांना पाठवला. व्याह्यांनी तो उघडून पाहिला नाही. "आपल्या माणसाने केलंय, त्यात काय बघायचं!" असं म्हणून त्यांनी तो सगळ्या नातेवाइकांना, जुन्या गिऱ्हाइकांना आणि व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांना पाठवून दिला. शिवाय मोठ्या अक्षरांत लिहून दुकानाच्या काचेवरही चिकटवला.

अकरा वाजता लेकीचा फोन आला.

"बाबा, हे काय लिहून ठेवलंय तुम्ही?"

"का? मथळा मोठा वाटतोय का?"

"मथळ्याचं सोडा! खुर्चीचा एक पाय आखूड आहे, असं कुणी जाहिरातीत लिहितं का?"

शेरेसाहेबांनी पडद्याकडे पाहिलं. खुर्ची दिमाखात उभी होती. पायाबद्दल तिथे अक्षरही नव्हतं.

"माझ्यासमोर पान उघडं आहे. असं काही नाही. तुझा फोन बिघडलाय."

"फोन माझा बिघडेल. सासूबाईंचापण बिघडला? आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचापण?"

"साथ असेल," शेरेसाहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दहा मिनिटांनी जावयाचा फोन. "बाबा, ऑफिसातले सगळे मला विचारतायत, 'बाहेर आलास का अजून आतच आहेस?' काय सांगू?"

"कशाच्या आत?"

"कपाटाच्या!"

शेरेसाहेबांना पहिल्यांदाच कुठेतरी पाल चुकचुकल्यासारखं वाटलं. पण पडद्यावर कपाट होतं आणि त्याचं दार घट्ट बंद होतं. ते काही बोलणार तोच दुसरा फोन वाजला. व्याह्यांचा.

"अहो व्याही, एवढंच सांगा. माझं पोट तुमच्या डोळ्यांत कधीपासून सलतंय?"

"छे छे! कोण म्हणालं?"

"व्यापारी मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. मला वाचून दाखवलं त्यांनी. दोनदा! दुसऱ्यांदा बाकीच्यांनाही ऐकवायला. याला घरचा आहेर म्हणतात, व्याही. घरचा आहेर!"

फोन आपटल्याचा आवाज आला. बायको केव्हापासून दारात उभी होती. तिने आपला फोन घेतला, पत्ता उघडला आणि वाचायला लागली. फोटोंच्या जागी पांढरे रिकामे चौकोन होते आणि प्रत्येक चौकोनात दोन-तीन ओळी.

"'खुर्ची. दिसायला देखणी. एक पाय आखूड. फोटोसाठी खाली पुठ्ठा सरकवला आहे.'" तिने नवऱ्याकडे पाहिलं. "'सोफा. फोटोत निळा. प्रत्यक्षात रंग ठरवणे कठीण. कपाट. दार आपोआप उघडते. फोटो निघेपर्यंत जावयाने आत बसून धरून ठेवले आहे.'"

इथे ती भिंतीला टेकली. मग खाली बसली. डोळे पुसून तिने शेवटचा चौकोन वाचला. "'डावीकडे दुकानाचे मालक, पोट आत घेतलेले. उजवीकडे त्यांच्या पत्नी. मालाची खरी माहिती यांना विचारावी.'"

"खोटं काय आहे त्यात?" शेरेसाहेब म्हणाले.

"काहीच नाही," बायको म्हणाली. "तेच तर झालंय!"

आता घरात बसण्यात अर्थ नव्हता. आठवा धडा नेमका त्याच दुपारी होता. वर्ग सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी शेरेसाहेब पहिल्या बाकावर हजर झाले. बाईंनी पान पाहिलं, आतली मांडणी उघडली आणि अर्ध्या मिनिटात त्यांना कळलं.

"काका, फोटो कुठे आहेत, असं पानाला विचारलं तर ते काय पत्ता सांगतंय बघा."

शेरेसाहेबांनी चष्मा खाली ओढला. "माझ्या संगणकाचा."

"म्हणजे तुम्ही सगळ्या जगाला सांगितलंत, की फोटो आमच्या घरी टेबलावर आहेत, या आणि बघून जा. तुम्ही घरातच आहात, तुम्हाला दिसतात. बाकीचे कसे येणार? पानाबरोबर फोटोही चढवायचे असतात. आणि फोटो सापडला नाही, की त्याच्या जागी मागचं वर्णन दिसतं."

"हे तुम्ही सांगितलं नव्हतंत."

"सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा 'जे आहे ते' याच्याखाली पट्टीने रेघ मारत होतात."

बाईंनी शेरेसाहेबांच्या परवानगीने ते पान भिंतीवर मोठं करून दाखवलं आणि आठवा धडा त्याच्यावरच घेतला. वर्ग हसून हसून लोळला, पण त्या दिवशीचा धडा कुणी जन्मात विसरणार नव्हतं. शेरेसाहेबांनी शांतपणे वहीत लिहिलं: 'चूक सापडली. चूक माझी.' चूक सापडली की त्यांना नेहमीच बरं वाटे, मग ती कुणाची का असेना. ते तिथून उठले आणि थेट व्याह्यांच्या दुकानात गेले.

दुकानात व्याही एका उंच, करड्या केसांच्या बाईंसमोर घामाघूम उभे होते.

"ते दार आपोआप उघडणारं कपाट कुठलं?" बाई विचारत होत्या.

"तसं काही नाही हो, आमच्या व्याह्यांनी गंमत—"

त्यांच्या पाठीमागे कर्र आवाज झाला. दार स्वतःच्या मर्जीने उघडलं.

"हं," बाई म्हणाल्या. "म्हणजे लिहिलंय ते खरं आहे. मग त्या जेवणाच्या टेबलाबद्दल लिहिलंय, 'दोष आढळला नाही', तेही खरंच असणार. ते टेबल माझ्यासाठी बाजूला ठेवा. आणि लिहिणारे गृहस्थ कोण?"

"मी," शेरेसाहेब दारातूनच म्हणाले.

"आणखी कशात दोष आढळला नाही?"

शेरेसाहेबांनी दुकानभर नजर फिरवली. "त्या दोन स्टुलांत."

बाईंनी स्टुलंही घेतली. त्या गेल्यावर व्याही काही वेळ स्टुलांच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. राग धरावा की सोडावा, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी त्यांनी तो अर्धाच धरला.

"टेबल गेलं ते ठीक. पण ते सगळं लिहिलेलं पुसून टाका. आत्ताच्या आत्ता!"

"पुसणार नाही," शेरेसाहेब म्हणाले. "फोटो आज लावतो. ते दिसले की शब्द आपोआप मागे जातील. पण ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी मागे ते राहणार. तुम्ही खुर्चीचा पाय नीट करा, दाराची बिजागरी बदला. माल दुरुस्त झाला की शेरा मी स्वतः काढतो. कारखान्यात माझा हाच नियम होता."

"आणि माझं पोट?"

"त्यालाही हाच नियम."

व्याह्यांचा हात आपसूक पोटाकडे गेला. काउंटरमागे विहीणबाई वही उघडून बसल्या होत्या. आता त्यांनी वही मिटली आणि सुताराला फोन लावला. "हो, तेच कपाट," त्या म्हणाल्या. "चार वर्षं सांगतेय मी. आज छापून आलंय, आता तरी ऐकतील."

त्या संध्याकाळी शेरेसाहेबांनी फोटो रीतसर चढवले, पत्ते बदलले आणि पान बायकोच्या फोनवर, लेकीच्या फोनवर, शेजाऱ्यांच्या फोनवर तपासून पाहिलं. सगळीकडे खुर्ची देखणी, सोफा निळा, कपाट बंद. व्याह्यांनी स्वतः फोन केला. "झकास! मी चांगला दिसतोय की हो!" राग पुरता गेला होता. लेकीने सुटकेचा श्वास टाकला. शेरेसाहेबांनी वहीत तारीख घालून खाली दोन रेघा मारल्या.

सोमवारी सकाळी विहीणबाईंचा फोन आला. हळू आवाजात, दुकानाच्या मागच्या खोलीतून.

"भाऊ, एक विचारू? तो आमचा दोघांचा फोटो आहे ना, तो काढता येईल का?"

"का हो वहिनी? चांगला आलाय."

"माझे डोळे मिटलेत त्यात. पण ते जाऊ द्या." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "शनिवारी दिवसभर लोक येत होते आणि आल्या आल्या मला विचारत होते. कुठलं लाकूड, कुठला सोफा टिकेल, सगळं. सत्तावीस वर्षं मी त्या काउंटरमागे बसतेय. काल फोटो दिसायला लागले आणि लोक परत यांना विचारायला लागले. त्या फोटोपेक्षा आधी होतं तेच बरं होतं."

"पण व्याह्यांना तर फोटो फार आवडलाय."

"हो ना. तेच तर."

शेरेसाहेब वहीची पानं उलटून बघायला लागले. मग म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका. करतो."

त्यांनी फोटोचे मधोमध दोन तुकडे केले. डावा तुकडा नीट चढवला. व्याही हसतमुख, पोट आत. उजवा तुकडा त्यांनी चढवलाच नाही. त्याचा पत्ता मुद्दाम आपल्या घरच्या टेबलाचा दिला, एकेक अक्षर वहीत बघून, जसा पहिल्यांदा चुकून दिला होता तसाच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसाने ही एक चूक मन लावून, मोजूनमापून केली. मग ती चार फोनवर तपासली. चारही ठिकाणी बरोबर चुकत होती.

आता त्या पानावर शेवटी एकटे व्याही हसत उभे असतात आणि त्यांच्या शेजारच्या पांढऱ्या चौकोनात लिहिलेलं असतं, मालाची खरी माहिती कुणाला विचारावी ते. "तेवढा एक फोटो काही केल्या दिसत नाही बघा, आमच्या व्याह्यांना अजून नीट जमत नाही," असं व्याही येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या मनाने समजावून सांगतात. गिऱ्हाईक मान डोलावतं, त्यांना हसून नमस्कार करतं आणि सरळ काउंटरकडे जातं.