पाच घावनांची निर्यात

दिघीच्या धक्क्यावर जनीच्या टपरीत एका जर्मन पाहुण्याने पाच घावनं खाल्ली आणि देशाच्या परकीय व्यापाराला गंभीर वळण लागलं. बिल झालं दीडशे. पाहुण्याकडे नुसतंच कार्ड, त्यात फेरीबोट सुटायला आलेली. "जा बाबा, खाल्लंस ते अंगी लागो," म्हणत जनीने त्याला पिटाळला आणि विषय संपवला.

पण मेला प्रामाणिक निघाला! टपरीच्या पाटीवरचा नंबर त्याने टिपून नेला होता. महिन्याभराने सून पूनमच्या फोनवर त्याचा निरोप आला: पैसे पाठवतो, तुमच्या बँकेचा आंतरराष्ट्रीय कोड कळवा.

टपरी बंद ठेवून जनी एसटीने माणगावच्या शाखेत गेली. तिथले पियूषसाहेब म्हणाले, "आमच्या शाखेला कोड नाही. कोड मुंबईच्या मोठ्या शाखेला. पैसे आधी तिथे उतरतील, मग इकडे येतील."

"येऊ द्या की सावकाश. मुंबई बघून येतील."

कोड गेला. पैसे मुंबईत उतरले आणि तिथेच बसले. जनीला पुन्हा माणगावला बोलावणं आलं. साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला.

"रक्कम कशाबद्दल? देणगी, पगार की निर्यात?"

"घावनांबद्दल."

"माल परदेशी गेला का?"

"अवो, त्याच्या पोटातनं गेला की!"

"म्हणजे निर्यात." साहेबांनी चौकटीत खूण केली. "निर्यातदाराचा परवाना आणा. तोवर खातं गोठवलंय."

सिलिंडरचे पैसे त्याच खात्यात होते, आणि टपरीतला सिलिंडर कालच संपला होता. सिलिंडर नाही तर घावन नाही, आणि घावन नाही तर घरात खाणार काय?

"साहेब, मला नको ते पैसे. त्याचे त्याला परत धाडा."

"धाडू की. त्यासाठी त्याच्या बँकेचा कोड लागेल," साहेब अगदी कळवळून म्हणाले, "आणि माल परत मिळाल्याची पोचपावती."

जनीने कपाळावर हात मारला. "अवो, तो माल परत आला तर ठेवायचा कुठं? तुमच्या काउंटरवर?"

असा रकाना फॉर्ममध्ये नव्हता. शेवटी चार कोंबड्या विकून जनीने तेराशे रुपये शुल्क भरलं, तेव्हा कुठे खातं सुटलं. जर्मनाचे दीडशे अजून मुंबईच बघताहेत.

टपरी पुन्हा सुरू झाली. दारावर आता नवी पाटी आहे: 'प्रामाणिक गिऱ्हाइकास आत प्रवेश नाही.' वर्ष झालं, पाटी वाचून एकही गिऱ्हाईक माघारी फिरलेलं नाही. परवाच्या रविवारी तुम्हीही आत बसून चार घावनं खाल्लीत की!